मोरस बेटातील धबधब्यांच्या वाटा

आमच्या आजीच्या तोंडी ‘मोरस’ हा शब्द नेहमी असे. पांढऱ्याशुभ्र दाणेदार साखरेस ती मोरस साखर म्हणे, आणि देवाच्या नैवेद्याला ती साखर कधी वापरीत नसे. ती शुद्ध करावयास हाडांचा कोळसा लागतो, अशी तिच्या पिढीची समजूत होती. आणि १९०५ नंतरच्या स्वदेशीच्या चळवळीने त्या सोवळ्याला देशभक्तीचीही जोड दिली होती. मोरस हे एका बेटाचे नाव असून ते बेट म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातील मॉरिशस होय, हे आम्हांस पुष्कळ उशिरा, कॉलेजात इतिहास शिकवू लागल्यावर उमगले. साखर घरात आली, तिच्याबरोबर तिचे नावही आले. परंतु ती पिकविणाऱ्यांत रत्नागिरी-सावंतवाडीकडील आपलीच माणसे होती, ही गोष्ट मात्र त्या साखरेच्या डब्यातून आमच्या घरापर्यंत कधी पोहोचली नाही.

मध्यंतरी एका परिषदेच्या निमित्ताने त्या बेटावर जाण्याचा योग आला. परिषद आटोपल्यावर दोन दिवस मोकळे होते. उतरलो होतो तेथे एक रंगीत पत्रक ठेवलेले असे, व त्यात समुद्रकिनाऱ्यांच्या खालोखाल मान धबधब्यांना दिलेला होता. शामारेलचा प्रपात तिकीट काढून कठड्यावरून पाहावयाचा. सुमारे तीनशे फुटांची ती धार पाहून, छायाचित्र काढून, अर्ध्या तासात मोटारीत परत. आम्हांस ही रीत रुचली नाही. तरुणपणी सह्याद्रीच्या घाटवाटा तुडविलेल्या पायांना धबधब्यापर्यंत चालत गेल्याशिवाय तो पाहिल्यासारखे वाटत नाही. म्हणून तामारँ नदीच्या सात प्रपातांकडे पायी जाण्याचे ठरविले. वाकुआ गावाहून बसने हेन्रीएटा या खेड्यात उतरावयाचे, तेथे वाटाड्ये उभे असतात त्यांतील एकाला बरोबर घ्यावयाचे, आणि उसाच्या शेतांच्या कडेने जाऊन दरीत उतरावयाचे, असा हा मार्ग आहे.

आमचा वाटाड्या पंचविशीतला तरुण होता. त्याचे बोलणे क्रिओल भाषेचे, आमच्याशी इंग्रजी, पण आम्ही महाराष्ट्रातून आलो हे कळताच तो थांबला आणि शाळेत शिकलेल्या मराठीत, एकेक शब्द जुळवीत, म्हणाला, “काका, आम्हीपण मराठी.” त्या दिवशीच्या चालीचे वर्णन करण्याचा आमचा हेतू नाही; तसली वर्णने पुष्कळ होतात. ज्या वाटेने आज लोक हौसेने धबधब्याकडे जातात, त्या वाटेने पूर्वी कोण गेले आणि कशासाठी गेले, एवढेच वाचकांपुढे मांडावयाचे आहे.

त्यासाठी बेटाची ठेवण थोडी सांगितली पाहिजे. मादागास्करच्या पूर्वेस सुमारे आठशे किलोमीटरांवर असलेले हे बेट क्षेत्रफळाने १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या चौथ्या हिश्शाहूनही थोडे लहान आहे. मध्यभागी पठार, त्यावर मुबलक पाऊस, आणि नैर्ऋत्येस ते पठार एकाएकी तुटून खोल घळी झालेल्या आहेत. पठारावरचे पाणी जेथे कड्यावरून या घळींत उडी घेते, तेथे धबधबे. कातळ काळा, सच्छिद्र, पायाला ओळखीचा. आम्ही बोलून दाखविले की हा तर आमच्या घाटातलाच दगड. आणि हे निव्वळ भावनेचे बोलणे नव्हते. भूगर्भातील ज्या तप्त स्रोताने सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचे पठार ओतले, त्याच स्रोतातून पुढे, सुमारे ऐंशी-नव्वद लक्ष वर्षांपूर्वी, हे बेट समुद्रातून वर आले, असे भूशास्त्रज्ञ मानतात. आज तोच स्रोत शेजारच्या रेयुनियाँ बेटाखाली धगधगत आहे. सह्याद्रीचे हे धाकटे भावंड म्हणावयाचे!

या बेटावर मूळचा रहिवासी असा कोणी नव्हताच. १५९८ मध्ये डचांनी ते ताब्यात घेऊन आपल्या मॉरिस नावाच्या राजपुत्राचे नाव त्यास दिले, व १६३८ पासून वस्ती केली. त्यांस येथील आबनूस हवा होता. ते काळे, जड लाकूड तोडण्यासाठी आद्रिआन फान देर स्टेल या अधिकाऱ्याने १६४२ मध्ये मादागास्करहून शंभरावर गुलाम आणविले. त्यांतील जवळजवळ निम्मे थोड्याच आठवड्यांत रानात पसार झाले. याच अधिकाऱ्याने तीन वर्षांपूर्वी जावाहून हरणे आणून सोडली होती. तीही रानात शिरली, वाढली, आणि आजही तेथे त्यांची शिकार होते. माणूस आणि हरीण एकाच हाताने आणले गेले, एकाच रानात पळाले, आणि पुढे दोघांचाही पाठलाग एकाच तऱ्हेने, कुत्री व बंदुका घेऊन झाला.

फरारी गुलामास युरोपीय भाषांत जो शब्द आहे, फ्रेंच ‘मारों’ किंवा इंग्रजी ‘मरून’, त्याचे मूळही येथे लक्षात घेण्यासारखे आहे. स्पॅनिश वसाहतींत गोठ्यातून सुटून रानटी झालेल्या गुराढोरांस ‘सिमारोन’ म्हणत. तोच शब्द पुढे माणसास लावला गेला. शब्द बनविणाऱ्यास या दोहोंत फरक दिसला नव्हता, एवढे त्यावरून निश्चित होते.

डचांच्या अमदानीतील एक प्रसंग आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. जून १६९५ मध्ये काही गुलामांनी संगनमत करून डचांचा किल्ला पेटवून दिला. पकडलेल्यांच्या नावांत बंगालची ॲना आहे आणि मलबारचा अँटनी आहे. हिंदी माणूस या बेटावर गिरमिटाबरोबर १८३४ मध्ये आला असे आपण शिकतो व शिकवितोही. आम्हीही अनेक वर्षे तसेच शिकविले. वस्तुतः त्याच्या एकशेचाळीस वर्षे आधी हिंदुस्थानातली माणसे तेथे बेड्यांत होती आणि बेड्या तोडू पाहत होती. त्यांची खरी नावे ॲना व अँटनी ही नव्हेत हे उघड आहे. खरी नावे कोणी टिपलीच नाहीत. असो. उंदीर, वादळे आणि रानातील फरारी यांना कंटाळून डचांनी १७१० मध्ये बेट सोडले.

पाच वर्षांनी फ्रेंच आले. त्यांनी बंदर बांधले, रस्ते केले, ऊस वाढविला, आणि या साऱ्यासाठी मादागास्कर, मोझांबिक व हिंदुस्थान येथून गुलाम आणले. १७२३ च्या कायद्याने पळून जाण्याची शिक्षा ठरविली: महिनाभर बेपत्ता राहणाऱ्या गुलामाचे प्रथम अपराधास कान कापावे व खांद्यावर राजाच्या कमलचिन्हाचा डाग द्यावा, दुसऱ्यांदा पळाल्यास गुडघ्यामागची शीर तोडावी, तिसऱ्यांदा देहदंड. दुसरी शिक्षा वाचताना त्या दऱ्यांची आठवण होते. त्या उतारावर दोन्ही हातांनी मुळ्या धरून उतरणाऱ्या आमच्यासारख्या धडधाकट माणसाचेही गुडघे लटपटतात. कायदा करणारांस नेमके कोठे घाव घालावयाचा हे ठाऊक होते. आणि तरीही माणसे तिसऱ्यांदा पळालीच. नाहीतर तिसरे कलम लिहिण्याचे कारण नव्हते.

ती पळत ती या नैर्ऋत्येच्या दऱ्यांत, काळ्या नदीच्या व तामारँच्या घळींत. येथे पाणी बारमाही, कपारी खोल, झाडी दाट, आणि प्रपाताच्या गर्जनेत माणसाचा आवाज बुडून जातो. हा शेवटचा गुण आज पत्रकात ‘मनास शांती देणारा जलनाद’ या सदरात मोडतो. गव्हर्नर लाबुर्दोने याने १७३५ नंतर फरारींच्या पाठलागासाठी मादागास्करच्याच काळ्या शिपायांची पथके उभारली. रानाची खोड रानातल्याच माणसास कळते हे त्याने ओळखले होते. पळालेल्यांनी काही लिहून ठेवले नाही. त्यांच्याविषयी आपणांस जे कळते ते पाठलाग करणारांच्या कागदांतून. त्यामुळे इतिहासकारासही त्यांच्या मागे नाइलाजाने शिकाऱ्याच्याच वाटेने जावे लागते. आमच्या व्यवसायाची ही अडचण आम्हांस त्या दरीत जितकी बोचली, तितकी ग्रंथालयात कधी बोचली नव्हती.

आता येथे एका पुस्तकाची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण उष्ण कटिबंधातील बेट म्हणजे धबधबे, झाडी आणि निष्पाप सुख, हे जे चित्र आज प्रवासी मनात घेऊन येतात, ते पसरविण्यात या पुस्तकाचा वाटा मोठा आहे. बर्नार्दां द सँ-प्येर हा फ्रेंच इंजिनिअर १७६८ मध्ये या बेटावर आला आणि दोन वर्षे राहिला. त्याने बेटाची पायी प्रदक्षिणा केली. १७७३ मध्ये छापलेल्या प्रवासवृत्तात त्याने गुलामांच्या हालांविषयी इतके स्पष्ट लिहिले की तेथील मळेवाल्यांस ते मानवणे शक्यच नव्हते. पुढे १७८८ मध्ये त्याची ‘पोल आणि व्हिर्जिनी’ ही कादंबरी निघाली, आणि तिने साऱ्या युरोपास वेड लावले. निसर्गाच्या मांडीवर वाढलेली दोन मुले, त्यांचे निर्मळ प्रेम, अखेर वादळात फुटलेले जहाज. हे जहाज खरेच १७४४ मध्ये फुटले होते. एवढे सर्वांच्या स्मरणात राहिले. परंतु त्याच कादंबरीत एक फरारी गुलाम स्त्री आहे. ती उपाशी, फटक्यांनी सोललेली, व्हिर्जिनीच्या दारी येते. ती भोळी मुलगी तिला खाऊ घालते, आणि क्षमा मागावी म्हणून स्वतः तिला घेऊन काळ्या नदीकाठच्या मालकाकडे जाते. मालक मुलीकडे पाहून क्षमा करतो. परत येताना मुले रानात वाट चुकतात, आणि त्यांस खांद्यावर वाहून घरी पोहोचविते ती फरारी गुलामांचीच एक टोळी. पुढे कळते की मालकाचा शब्द फोल होता. त्या स्त्रीच्या गळ्यात लोखंडी कडे अडकवून तिला साखळीने ओंडक्यास बांधले होते.

ही कादंबरी आम्ही विद्यार्थिदशेत इंग्रजीतून वाचली होती. प्रामाणिकपणे सांगावयाचे तर जहाज फुटल्याचे आम्हांस आठवत होते, ही स्त्री आठवत नव्हती. परिषदेहून परतल्यावर पुस्तक पुन्हा काढले, तेव्हा ती भेटली. लेखकाने तिला लपविले नव्हते. तिला विसरण्याचे काम आम्हा वाचकांचे.

१८१० मध्ये बेट इंग्रजांनी जिंकले. १८१५ पासून बंगाल इलाख्यातून, आणि पुढे मुंबई इलाख्यातूनही, मिळून सुमारे पंधराशे हिंदी कैदी येथे आणले गेले, व त्यांच्याकडून रस्ते आणि पूल बांधवून घेण्यात आले. चार्ल्स डार्विन १८३६ च्या एप्रिल-मे महिन्यांत ‘बीगल’ जहाजाने येथे आला, तेव्हा त्याने या कैद्यांस कामावर पाहिले, आणि त्यांच्या भारदस्त मुद्रेने तो चकित झाल्याचे नमूद केले आहे. त्याच मुक्कामात तो काळ्या नदीच्या बाजूसही गेला. त्यातला काही प्रवास त्याने हत्तीवरून केला. बेटावर तेव्हा एकच हत्ती होता, आणि तो सर्व्हेयर जनरलच्या मालकीचा होता. हत्ती हिंदुस्थानचा, रस्ता खणणारेही हिंदुस्थानचे. पण डार्विनच्या वाचकांस सहसा हत्तीच अधिक लक्षात राहतो.

१ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी कायद्याने रद्द झाली. साठ हजारांहून अधिक माणसे होती. त्यांच्या मालकांस नुकसानभरपाई म्हणून सुमारे एकवीस लक्ष पौंड मिळाले, आणि त्या माणसांस काही मिळाले नाही. बेटाच्या नैर्ऋत्य टोकास ले मोर्न नावाचा उभा कातळी डोंगर आहे. तेथील परंपरा अशी सांगते की, मुक्तीची वार्ता देण्यास एक पोलीस तुकडी त्या डोंगराकडे निघाली, वर लपलेल्या फरारींनी तिला पाहिले, आणि आपणांस धरण्यासच हे येत आहेत असे समजून त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या. २००८ मध्ये युनेस्कोने या डोंगरास जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. ज्यांस दोन शतके गणवेशधारी माणूस एकाच कामासाठी वर चढताना दिसला, त्यांनी त्या दिवशी निराळे काय समजावे?

गुलाम सुटले, पण ऊस वाढतच होता. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ जहाजातून छत्तीस हिंदी मजूर पोर्ट लुई बंदरात उतरले, आणि त्यांच्या मागून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख. बहुतेक कलकत्ता व मद्रास येथून. मुंबईहून त्या मानाने थोडे, पण त्यांत रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, सावंतवाडी या भागांतील लोक होते. पाच वर्षांचा गिरमिट, महिना पाच रुपये मजुरी, आणि एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापणे. गैरहजर राहिलेल्या या हिंदी मजुरासही मळेवाले ‘मारों’च म्हणू लागले. माणूस बदलला, कायदा बदलला, शब्द तोच राहिला. १८६७ च्या कायद्याने गिरमिट संपलेल्या मजुरासही स्वतःचे छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगणे भाग पडले. तो नसला की ‘भटक्या’ म्हणून अटक. हा जाच इतका वाढला की प्लेविट्झ नावाच्या एका युरोपियनाने १८७१ मध्ये नऊ हजारांवर मजुरांच्या नावांचा अर्ज तयार केला, आणि अखेर सरकारास चौकशी कमिशन नेमावे लागले. गिरमिटिया मजूर या दऱ्यांत राहावयास क्वचितच गेला असेल. तोवर वरचे रानच तुटून ऊस दरीच्या कडेपर्यंत आला होता. आज मूळ रानाचा शंभरात दोन इतकाही धड भाग शिल्लक नाही. जे वाचले त्याच्या रक्षणासाठी १९९४ मध्ये काळ्या नदीच्या दऱ्यांत साडेसहा हजार हेक्टरांचे राष्ट्रीय उद्यान केले आहे. मॉरिशसचा ससाणा १९७४ मध्ये मोजून चारावर आला होता, तोही याच दऱ्यांच्या आश्रयाने तगला.

आता पुन्हा हेन्रीएटाच्या वाटेवर येऊ. हे खेडे धबधब्याचे नाके म्हणून आज ओळखले जात असले, तरी मॉरिशसच्या मराठी माणसाच्या लेखी त्याचे महत्त्व निराळे आहे. बेटावरील पहिला सार्वजनिक गणेशोत्सव १८९६ मध्ये येथेच, एका मराठी कुटुंबाच्या पुढाकाराने झाला, असे तेथील मंडळी सांगतात. आज गणेशचतुर्थीस साऱ्या देशाला सुट्टी असते. कोकणातली जाखडी तेथे ‘झाकरी’ झाली आहे, पण फेर तोच धरतात. नदीचे नावही आपल्या ओळखीचे निघाले. फ्रेंच भाषेत ‘तामारँ’ म्हणजे चिंच, आणि त्या शब्दाचे मूळ अरबी ‘तमर-हिंदी’, म्हणजे हिंदुस्थानचा खजूर. वाकुआ म्हणजे केवड्याच्या जातीचे झाड. त्याच्या पातींच्या पिशव्या विणून त्यांत साखर भरीत. आमच्या आजीची मोरस साखर निदान बंदरापर्यंत तरी केवड्याच्या पातीतून गेली असेल, हे तिला सांगावयास हवे होते. कदाचित नैवेद्याला चालली असती!

तिसऱ्या प्रपाताखालच्या डोहाशी आम्ही बसलो. समोर दरीच्या तोंडातून पश्चिमेचा समुद्र दिसत होता. दोन-चार तरुण कातळावरून डोहात उड्या टाकीत होते आणि वर येऊन हसत होते. वाटाड्याने पाठीवरच्या पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये जपून ठेवलेला एक कागद काढला. महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये गिरमिटियांची दप्तरे जतन केलेली आहेत. तेथून त्याने आपल्या खापरपणज्याच्या नोंदीची नक्कल मिळविली होती. अनुक्रमांक, नाव, बापाचे नाव, उंची, कपाळावर व्रण, आणि सोबत परवान्यासाठी काढलेले छायाचित्र. नाकडोळे त्या मुलाचेच. जिल्हा रत्नागिरी हे स्पष्ट होते. गावाचे नाव कोणा कारकुनाने कानाला लागले तसे इंग्रजीत उतरविले होते, आणि ते काय आहे हे आम्ही सांगावे अशी त्याची इच्छा होती. महाराष्ट्रातून आलेला, त्यात प्रोफेसर. त्याला सहज कळेल अशी त्याची खात्री होती.

आम्ही चष्मा पुसून तो शब्द तीन-चारदा वाचला. तळवडे असेल, तळेरे असेल, तुळसुलीही असू शकेल; आणि तळवडे धरले तरी त्या नावाची गावे कोकणात एकाहून अधिक आहेत. आम्ही त्याला तसे सांगितले. त्याने तिन्ही नावे आमच्याकडून कागदाच्या मागे देवनागरीत लिहून घेतली, प्रत्येक नाव मोठ्याने वाचले, आणि विचारले, या तिन्ही गावांत धबधबा आहे का? पावसाळ्यात कोकणात जागोजाग पाणी कोसळत असते, असे आम्ही म्हणालो. तेवढ्यात माथ्यावर ढग उतरू लागले. वर पाऊस झाला की डोहाचे पाणी बघता बघता चढते, तेव्हा आता निघावे, असे त्याने सुचविले. कागद प्लॅस्टिकमध्ये घालून दुहेरी घडी केली, पोहणाऱ्या मुलांस क्रिओलमध्ये हाक मारून वर यावयास सांगितले, आणि आमच्या पुढे होऊन तो मुळ्या धरून चढू लागला.